जुंपलेली रिकामी गाडी

महालिंगअप्पांनी विमानाच्या संडासात अंघोळ केली, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही; पण दाराखालून बाहेर आलेलं पाणी मात्र पाहिलं आहे. तांब्या त्यांनी घरून आणला होता. हवाईसुंदरी दार ठोठावते आहे, मागं चार गोरे ताटकळत उभे, आणि आतून अप्पांचा खणखणीत आवाज, "व्हायलंय, व्हायलंय! दम काढा जरा!" मग कपाळावर भस्माचे तीन ठसठशीत पट्टे ओढून अप्पा बाहेर आले, आपल्या जागेवर मांडी घालून बसले, गळ्यातल्या चांदीच्या डबीतून लिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं आणि डोळे मिटले. पूजा झाल्याशिवाय हा माणूस पाण्याचा घोटसुद्धा घेत नसे. मी त्या हवाईसुंदरीची माफी मागितली, तर ती म्हणाली, असू द्या. मी मात्र लाजेनं अर्धा झालो होतो.

तेव्हा मी जिंतूर तालुक्यात कृषी खात्याचा विस्तार अधिकारी होतो. नव्वदच्या आसपास एका दूध संघानं मराठवाड्यातले बावीस शेतकरी युरोपात गाई-गोठे बघायला न्यायचं ठरवलं आणि इंग्रजी येणारा माणूस म्हणून माझी वर्णी लागली. माझं इंग्रजी म्हणजे काय हो! खताच्या पोत्यांवरचं आणि औषधाच्या डब्यांवरचं वाचून तयार झालेलं. पण आमच्या जथ्यात तेवढंच होतं, त्यामुळं पंधरा दिवस मी एकटाच बोललो आणि बावीस जणांनी माझ्या चुका काढल्या. त्यात अप्पा पहिले.

उंच, काटक, पांढऱ्या मिशांचे, धोतरावर जावयाचा कोट घातलेले अप्पा गाईपेक्षा गाईच्या मालकाकडं जास्त बघत. कुणी भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला. "सायेब, इचारा यायला, नाव काय, गाव कोन्तं, भाऊ किती." हॉलंडमधल्या एका गोठेवाल्याला त्यांनी विचारायला लावलं, की भावाशी बोलणं आहे का. तो बिचारा गोरामोरा झाला, मग म्हणाला, नऊ वर्षं नाही. अप्पांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "बोल म्हनावं. नंतर लय जड जातं." मी ते इंग्रजीत कसंबसं बसवलं.

हे त्यांना कुठून सुचलं, ते मला ठाऊक होतं. आमच्या तालुक्यात सगळ्यांनाच ठाऊक होतं, की महालिंगअप्पा लिंबाजीची वाट बघतात. लिंबाजी त्यांच्या गावचा गवंडी. गावाचं नाव मी सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण पुढं जे घडलं ते एकाच गावात घडलं असं थोडंच आहे? दोघे एका वयाचे, पोहायला एका डोहात शिकलेले. अप्पांच्या विहिरीचं सगळं दगडी बांधकाम लिंबाजीच्या हातचं, आणि त्याच विहिरीचं पाणी त्याला वरून ओंजळीत ओतून मिळायचं. "तव्हा मला त्यात काई वाटलं न्हाई, सायेब," असं अप्पा एकदा स्वतःहून म्हणाले होते. "त्योबी हसून प्यायचा. हसत व्हता म्हनून मला वाटलं, त्यालाबी काई वाटत न्हाई."

रोज दिवस कलला की लिंबाजी अप्पांच्या आखाड्यावर यायचा. आखाडा म्हणजे आमच्याकडं शेतातला गोठा आणि त्याला लागून टेकायला केलेली खोली. तिथं दोघांची तंबाखू, दोघांचं भांडण. अप्पांना गावात सगळे वचकून असायचे. तोंडावर बोलणारा हा एकटाच. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराचा वणवा पेटला, गावोगाव दलित वस्त्या जळाल्या, त्यात या गावचीही वस्ती जळाली आणि लिंबाजी म्हाताऱ्या आईला घेऊन गेला, तो पुन्हा फिरकला नाही. तो कुठं आहे, हे अप्पांनी कधी शोधलं नाही आणि त्याचं नाव काढल्याशिवाय त्यांचा दिवसही गेला नाही. "मला शिव्या द्यायला गावात मानूसच ऱ्हायला न्हाई," ते म्हणायचे. मी चेष्टेनं म्हणे, अप्पा, मी देतो की. तर म्हणायचे, "तुमी सरकारी मानूस. तुमच्या शिवीत दम न्हाई."

तर जर्मनीत एका सकाळी आमची बस गोठ्याऐवजी भलत्याच ठिकाणी थांबली. कार्यक्रमपत्रिकेत ते नाव होतं, पण आम्हा कुणालाच त्याचा अर्थ माहीत नव्हता. आमच्यातल्या निम्म्यांना वाटलं किल्ला असेल. लोखंडी फाटक, काटेरी तारा, टेहळणीचे मनोरे, आणि आत खडी पसरलेलं भलंमोठं मोकळं मैदान. वाटाड्या म्हणून एक वयस्कर बाई होती, सत्तरीला टेकलेली, पायात दणकट बूट. ती एका जागी उभी राहून पाच-सात मिनिटं हळूहळू बोलली. मी शेवटपर्यंत ऐकलं. हे या माणसांना कसं सांगायचं? घरदार सोडून गाई बघायला आलेली भोळी माणसं. मी म्हणालो, "इथं लढाईच्या काळात पुष्कळ लोकांना कोंडून ठेवलं होतं. ते वारले."

अप्पांनी माझ्याकडं रोखून बघितलं. "सायेब, बाई एवढा येळ बोलली, डोळे पुसले तिनं, आन तुमी दोन वाक्यांत उरकलं? बाकीचं कुठं गेलं? जसं हाय तसं सांगा. आमी काई लेकरं न्हाईत."

मग सांगितलं. जसं आहे तसं. घराघरांतून माणसं काढून आणली, म्हातारी-कोतारी, लेकरं-बाळं, आगगाडीच्या मालडब्यांत भरून. राबवून मारली, उपाशी मारली, गोळ्या घालून मारली, आणि प्रेतं भट्टीत जाळली. आमच्यातल्या एकानं विचारलं, त्यांनी केलं काय होतं? मी म्हणालो, काही नाही. ती ज्यू म्हणून जन्माला आली होती. खाली मान घालून उभे राहिले सगळे, आणि त्यातले काही का खाली बघत होते ते त्यांचं त्यांनाच माहीत.

अप्पांनी विचारायला लावलं, की शेजारचं गाव किती लांब? बाई म्हणाली, चालत पाव तास. त्या गावची कौलं तिथून दिसतही होती, खिडक्यांत लाल फुलांच्या कुंड्या असाव्यात असं वाटत होतं. मग गावातले लोक काय म्हणाले? बाई म्हणाली, नंतर सगळे म्हणाले, आम्हाला माहीत नव्हतं. "ठाव आसतं," अप्पा एकदम म्हणाले. "सांगा बाईला, गावाला ठाव आसतं. कुनाची शेळी कव्हा व्याली ते गावाला ठाव आसतं, आन हे ठाव नसंल व्हय?" मी सांगितलं. बाईनं मान डोलावली.

आत फोटो लावले होते. बाकीचे भराभर पुढं गेले. खरं सांगायचं तर पळालेच. अप्पा एका फोटोपाशी थांबले ते हलेनात. युद्ध संपत आलं तेव्हा तिथल्या कैद्यांना गावागावांतून पायी हाकत नेलं होतं, आणि रस्त्याकडेच्या कुठल्याशा घरातून कुणीतरी हळूच काढलेला तो फोटो होता. घोंगड्या पांघरलेली माणसं रांगेनं चालली आहेत, एकमेकांना धरून. मी तेवढंच पाहिलं. अप्पांनी काचेवर बोट ठेवलं ते फोटोच्या कोपऱ्यात. तिथं एका घराच्या फाटकाआड गाडी उभी होती.

"गाडी रिकामी हाय," ते म्हणाले. "घोडं जुंपल्यालं हाय. बघा, पट्टा आवळल्याला हाय. मालक आत दडलाय." आणि मग तो सहा फुटी माणूस खाली फरशीवर बसला. मला वाटलं चक्कर आली. मी पाणी आणायला धावणार, तर माझा कोट धरून म्हणाले, "थांबा. मव्हीबी गाडी जुंपल्याली व्हती, सायेब."

बारा वर्षं पोटात ठेवलेलं त्या दिवशी बाहेर आलं. वस्ती पेटली ती भर दुपारी. लिंबाजी आईला घेऊन पिकातून, चिखलातून लपत अप्पांच्या आखाड्यावर आला. म्हातारीला चालवत नव्हतं. तो एवढंच म्हणाला, म्हालिंग्या, गाडी दे, आईला जिंतूरपर्यंत पोचवतो. गावात तेव्हा दवंडीसारखी धमकी फिरत होती, की जो त्यांना आसरा देईल त्याचंही घर पेटेल. "मी म्हनलो, बैल चुलतभावानं नेलेत. आन बैल मागल्या अंगाला गाडीला जुंपल्याले. घास आनायला निघालो व्हतो मी. लिंब्यानं माझ्याकडं बघितलं. आईला खांद्यावर घेतलं आन गेला. तीन कोस. तिसऱ्या दिवशी म्हातारी जिंतूरला खपली. मी मातीलाबी गेलो न्हाई. कोन्या तोंडानं जानार?"

वाटाड्या बाई शेजारी येऊन उभी होती. "सांगा बाईला," अप्पा म्हणाले. मी म्हणालो, राहू द्या अप्पा, कशाला? "सांगा म्हनलं ना!" मग मी माझ्या त्या खताच्या पोत्यावरच्या इंग्रजीत सगळं सांगितलं. बैल, गाडी, खोटं, म्हातारी. आयुष्यात इतकं अवघड भाषांतर मी केलेलं नाही. बाई गुडघे टेकून फरशीवर बसली, अप्पांचा हात तिनं हातात घेतला आणि विचारलं, तो मित्र जिवंत आहे का? मी विचारलं. अप्पा म्हणाले, "आसंल." बाई म्हणाली, मग जा त्याच्याकडं. इथं येणाऱ्यांना तसं जायला कुणी उरलेलंच नसतं.

त्या दिवशी अप्पांनी काही खाल्लं नाही. दुसऱ्या एकानं विचारलं, अप्पा, अशा जागी गेल्यावर अंघोळ करावी का? लिंगायतांत सुतक पाळत नाहीत, हे अप्पा एरवी मोठ्या अभिमानानं सांगत. त्या दिवशी ते म्हणाले, "तुमी करा. मला धुऊन जानारं न्हाई."

परत आल्यावर आठवड्याच्या आत ते माझ्या ऑफिसात हजर. "शोधा त्याला." आमच्या खात्यातल्या एका शिपायाच्या ओळखीनं पत्ता लागला. लिंबाजी परभणीतच होता, एका नव्या वसाहतीत दोन खोल्या बांधून राहत होता. बारा वर्षं हे दोघं एकमेकांपासून एसटीच्या एका तिकिटाच्या अंतरावर होते! मला तेव्हा अप्पांचा असा राग आला होता, की काय सांगू.

आम्ही गेलो. बुटका, रुंद खांद्यांचा, केस पार पिकलेला लिंबाजी दारात आला. मग म्हणाला, "या अप्पा. बसा." खुर्ची पुढं केली. चहा आला. अप्पांनी कप तोंडाला लावला तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की इतक्या वर्षांच्या दोस्तीत हा माणूस लिंबाजीच्या घरचं पहिल्यांदा काही पीत होता. बोलणं झालं ते पावसाचं, कापसाच्या भावाचं, लिंबाजीच्या नातवाच्या शाळेचं. मी खाणाखुणा केल्या, शेवटी अप्पांना कोपरानं ढोसलं. काही नाही. एसटीत बसल्यावर म्हणाले, "न्हाई जमलं. त्यो मला अहो-जाहो करायलाय, सायेब. 'तुमी' म्हनायलाय. शिवी दिली आसती तर बोललो आसतो."

पुढं साडेतीन वर्षं हेच. महिन्या-दोन महिन्यांनी अप्पा परभणीला जात, कधी शेतातली भेंडी नेत, कधी हुरडा, चहा पिऊन परत येत. मी भेटलो की विचारायचो, बोललात? ते मान हलवायचे. एकदा माझा तोल सुटला. म्हणालो, जर्मनीतल्या अनोळखी बाईला सांगितलंत आणि ज्याला सांगायचं त्याला सांगत नाही, ही कसली हिंमत? अप्पा शांतपणे म्हणाले, "बाई मला वळखत नव्हती. म्हनून जमलं." एकदा त्यांनी लिंबाजीला गावाकडं चल म्हणून पाहिलं. तो म्हणाला, तुम्हीच येत जा. मी नाही यायचो.

विद्यापीठाचा नामविस्तार झाला त्या हिवाळ्यात अप्पांनी अंथरूण धरलं. मी भेटायला गेलो तर ओळखू येईनात. त्यांचा थोरला मुलगा शिवराज मला बाजूला घेऊन म्हणाला, डॉक्टरनं हात टेकलेत. अप्पा मला बघून एवढंच म्हणाले, "त्याला आना. बोलायचं ऱ्हायलंय."

मी तसाच जीप घेऊन परभणीला गेलो. लिंबाजी ओट्यावर बसला होता. ऐकलं, आत गेला, धुतलेला सदरा घालून बाहेर आला आणि जीपमध्ये बसला. गावाच्या फाट्याला आलो तेव्हा म्हणाला, थांबवा. उतरला. दोन्हीकडं ज्वारी उभी, समोर ओढा, ओढ्यापलीकडं वळणाआड गाव. तो नुसता बघत राहिला. मग म्हणाला, "सायेब, इथून म्होरं माझे पाय न्हाई जात. लय वाटायलंय जावं. न्हाई जात."

मी एकटाच पुढं गेलो. अप्पांनी डोळे उघडले. "आला का?" माझ्या मनात आलं, सांगावं की घरी नव्हता. पण त्या माणसापुढं मी एकदा दोन वाक्यांत उरकायला गेलो होतो. म्हणालो, "आलाय. फाट्यावर थांबलाय. गावात पाऊल टाकवत नाही त्याला." अप्पांनी शिवराजकडं मान वळवली. मग म्हणाले, "शिवराज, बाज उचल."

शिवराज नको नको म्हणत होता, सुना रडत होत्या. अप्पा ऐकतील तर अप्पा कसले! चौघांनी बाज उचलली. बाजेवर आडवा माणूस चाललेला पाहून बाया दारात येऊन डोळ्यांना पदर लावू लागल्या, तेव्हा त्या खोल गेलेल्या आवाजात अप्पा म्हणाले, "आगं, मेलो न्हाई! आमच्यात मेल्यावर बसवून नेत्यात. भेटायला चाललोय." रडता रडता बाया हसल्या.

फाट्यावर बाज टेकवली. लिंबाजी उकिडवा बसला, बाजेच्या बाजूला. दोघांची डोकी जवळ आली. अप्पा म्हणाले, "लिंब्या, त्या दिशी बैल व्हते. गाडीबी जुंपल्याली व्हती. मी खोटं बोललो."

"ठाव हाय मला," लिंबाजी म्हणाला. "आई म्हनली व्हती, बैलाची घुंगरं वाजायलीत रं मागं. मी म्हनलो, न्हाई गं, तुला भास व्हायलाय."

अप्पा डोकं उचलायला बघू लागले. "ठाव व्हतं, मंग इतक्या येळा आलो, बोलला कामून न्हाईस?"

"तू बोलशील म्हनून वाट बघायलो व्हतो, भाड्या. पंधरा वर्षं."

अप्पांनी डोळे मिटले. कडेनं पाणी वाहत होतं, ते पुसायलाही हात उचलत नव्हता. लिंबाजीनं आपल्या सदऱ्याच्या बाहीनं पुसलं. अप्पा म्हणाले, "माफ कर." लिंबाजी ज्वारीकडं बघत म्हणाला, "ते माझ्या हातात न्हाई, म्हालिंग्या. खांद्यावर म्या न्हेलं, पन हाल तिचे झाले. तिलाच इचार. आता तूच जायलास तिकडं." यावर अप्पा हसले. खोकल्याची उबळ येईस्तोवर हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही, पण ते त्या दोघांचं होतं.

उन्हं कलायला लागली तेव्हा बाज उचलायची वेळ आली. लिंबाजीनं एका पोराला बाजूला सारलं आणि उशाकडचा एक खूर स्वतः धरला. मला वाटलं, आता हा येतो गावात. ओढ्यापर्यंत आला. पाण्याच्या काठाशी थांबला, माझ्याकडं वळला आणि म्हणाला, "सायेब, हितून तुमी धरा." मी खूर हातात घेतला. ती बाजू चांगलीच जड होती.

त्यानंतर अप्पा चार दिवस होते. पण ते शेवटचं बोलले ते त्या वाटेवर, माझ्याशीच. डोकं गावाकडं आणि तोंड फाट्याकडं असे ते निजले होते, पण त्यांना आता लांबचं दिसत नव्हतं. दर दहा पावलांवर विचारत, "हाय का उभा?" मी मागं वळून बघायचो आणि सांगायचो, "आहे." मग वळण आलं.

"हाय का?"

"आता दिसत नाही, अप्पा."

"गेला व्हय?"

"माहीत नाही. वळण आलंय."

"मंग आसंल," अप्पा म्हणाले.